स्टॉपरला टाकलं म्हणून

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत.)

कोल्हापूरची वीस वर्षांची मुलगी लिहिते आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बारा वर्षांची असल्यापासून फुटबॉल खेळते. आधी फॉरवर्ड होती; सतराव्या वर्षी प्रशिक्षकांनी तिला मागे, स्टॉपरला (बचावफळीच्या मधोमध) टाकलं. "तेव्हापासून पेपरात नाव यायचं बंद झालं," असं ती म्हणते. मागच्या वर्षी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लिअर करायला गेलेला चेंडू तिच्याच पायाला लागून आपल्या जाळ्यात गेला. संघ हरला आणि ती क्लिप पेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरते. आता दूरच्या राज्यातल्या एका क्लबने तिला एका हंगामासाठी बोलावलं आहे. सहा महिने, महिना १५ हजार, राहणं-जेवण क्लबचं. वडील स्वतः दर रविवारी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत असतात, पण मुलीला म्हणतात, "हे वय भरतीच्या तयारीचं आहे, वर्षं वाया घालवू नको." आई म्हणते, गुडघा गेला तर लग्नाचं कसं व्हायचं? तिचे प्रश्न तीन. बचावपटू म्हणून कुणाचं करिअर होतं का? पुन्हा फॉरवर्डला जायचा हट्ट धरू का? की वडिलांचं ऐकून सोडून देऊ?

अगं,

तुझं पत्र हाताने लिहिलेलं, चार पानी. त्यात त्या स्वयंगोलाला दीड पान आहे आणि क्लबच्या कराराला चार ओळी. तू प्रश्न विचारलेस करिअरचे, पण तुला झोपू देत नाही ती गोष्ट दुसरीच आहे, हे त्या दीड पानावरून कळलं. म्हणून आधी तेच बोलू. करार कुठे पळून जात नाही.

मी फुटबॉल खेळलेली नाही. आमच्या वेळी मुलींच्या वाट्याला खो-खो आणि लंगडी. पण माझी भाची लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू म्हणून खेळते, आणि तिच्या हट्टापायी मी ३० ऑक्टोबर २०२२ च्या रविवारी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होते. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेन आणि कोलंबिया. मी आपली चेंडूमागे मान फिरवत बसलेली. भाची म्हणाली, "मावशी, दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नकोस. एक बॅक धर आणि फक्त तिच्याकडे बघ." बघितलं. ती मुलगी दहा मिनिटांत चेंडूला दोनदा शिवली असेल-नसेल. पण स्वस्थ उभी अशी एकदाही राहिली नाही. दोन पावलं मागे, तीन डावीकडे, हात करून शेजारणीला पुढे काढणं, सारखी मान वळवून पाठीमागे कोण शिरतंय ते पाहणं. तोवर मला वाटायचं की चेंडू लांब असला की बॅकला विश्रांती असते!

८२व्या मिनिटाला त्या सामन्यातला एकमेव गोल झाला आणि तो स्वयंगोल होता. कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान, वय १७, तिच्याकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. स्पेनने विश्वचषक उचलला. तुझ्या सामन्याला तीन-चारशे माणसं असतील. हिचं जग बघत होतं. भाची परतीच्या लोकलमध्ये एक शब्द बोलली नाही.

पुढचं मात्र फार लोकांना ठाऊक नसतं. तीन महिन्यांच्या आत, जानेवारी २०२३ मध्ये, जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने त्याच मुलीला करारबद्ध केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मेलबर्नला मोठ्या, वरिष्ठ महिलांच्या विश्वचषकात कोलंबियाकडून उतरली. समोर जमैका, हरलं की घरी. नेहमीची बॅक मानुएला वानेगास पिवळ्या कार्डांमुळे बाहेर, म्हणून हिला जागा मिळालेली. उत्तरार्धात हिने मैदानाच्या या कडेहून त्या कडेला एक लांब चेंडू टाकला, कातालिना उस्मेने तो पायात घेतला आणि गोल. सामना १-०, कोलंबिया पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत. नेरुळचा तो चेंडू बायर्नच्या माणसांनी पाहिला नसेल असं नाही. पण त्यांनी आधीची ८१ मिनिटंही पाहिली असणार, आणि आधीचे सामनेही.

स्वयंगोल कुणाकडून होतो, सांग बघू? चेंडू जाळ्याकडे चालला असताना जी मध्ये पाय घालते तिच्याकडून. जी लांब उभी राहून हात वर करते, तिच्या नावावर आयुष्यात एकही लागत नाही. तुझ्या पेठेतल्या ज्या बहाद्दरांनी "कुणाकडनं खेळत हुतीस गं?" असं त्या क्लिपखाली लिहिलं, त्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. कोल्हापूरला फुटबॉल कळतो. कळूनही बोलतात, कारण गॅलरीत बसल्यावर बोलायचंच असतं. तू ग्रुप सोड. क्लिप मात्र एकदा तुझ्या सरांबरोबर बसून बघ, आणि गोलाच्या आधीचे दहा सेकंद बघ. पाय कसा लागला यात शिकण्यासारखं काही नाही. तो चेंडू तिथवर आलाच कसा, शेजारची कुठे होती, तू ओरडलीस का, गोलकीपरने हाक दिली का, ते बघ.

आता "स्टॉपरला टाकलं" हे तुझे शब्द. टाकलं! जसं काही अडगळीत टाकलं. तुझी पक्की समजूत दिसते की पुढे खेळणाऱ्या मुली पहिल्या प्रतीच्या आणि मागे उरलेल्या. सरांना कधी विचारलंस का, की मलाच का? मी पैजेवर सांगते, त्यांनी दिलेलं उत्तर "तुला गोल मारता येत नव्हते" हे नसेल. कुठल्याही संघात मागे अशी मुलगी लागते जिला समोरचं सगळं मैदान वाचता येतं, जी बोलते, आणि जी घाबरली तरी दिसू देत नाही. आधी फॉरवर्ड असलेलीला तर आणखी एक गोष्ट येते. समोरची फॉरवर्ड आता काय करणार, हे तिला आतून माहीत असतं.

अमेरिकेची स्टॉपर बेकी सॉअरब्रन हिची कारकीर्द तुला सांगते, कारण तिच्यात तुझे बरेच प्रश्न आहेत. २००८ साली चीनमध्ये ती देशासाठी पहिला सामना खेळली आणि त्याच सामन्यात नाक मोडून घेतलं. २०११ च्या विश्वचषकात अख्ख्या स्पर्धेत तिला एकच सामना मिळाला, फ्रान्सविरुद्धची उपांत्य फेरी, तोही रेचल ब्यूलर लाल कार्डामुळे बाहेर होती म्हणून. अंतिम सामन्याला ब्यूलर परत आली, ही पुन्हा बाकावर. तेव्हा ती २६ वर्षांची होती, तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. (बॅकचं नशीब दुसऱ्याच्या कार्डाने उघडतं, हे गुझमानच्या बाबतीतही दिसलंच. म्हणून बाकावर बसलेल्या बॅकने गरम राहावं.) २०१५ च्या विश्वचषकात मात्र ती एक मिनिटही बाहेर बसली नाही. सात सामन्यांत अमेरिकेवर तीन गोल झाले, आणि मधली सलग ५४० मिनिटं एकही नाही. त्या स्पर्धेचं नाव काढलं की लोकांना आठवते ती कार्ली लॉइडची अंतिम सामन्यातली हॅट्ट्रिक, पहिल्या सोळा मिनिटांतली. आठवू दे. सॉअरब्रन डिसेंबर २०२४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाली तेव्हा तिच्या खात्यावर दोन विश्वचषक, एक ऑलिंपिक सुवर्ण आणि २१९ आंतरराष्ट्रीय सामने होते. या २१९ सामन्यांत तिने किती गोल केले असतील? शून्य. एकही नाही.

आणि हे सगळं गुळगुळीत रस्त्याने झालं असं समजू नकोस. ती ज्या व्यावसायिक लीगमध्ये होती ती २०१२ मध्ये बंद पडली. २०१३ मध्ये नवी लीग निघाली तेव्हा किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता, म्हणजे अमेरिकेत त्यावर घरभाडंही निघायचं नाही. तिचा कॅन्सस सिटीचा क्लब २०१४ आणि २०१५ मध्ये लीग जिंकला, तरी २०१७ च्या शेवटी त्याला टाळं लागलं. २०१६ मध्ये पुरुषांइतकं मानधन मिळावं म्हणून ज्या पाच जणींनी आपल्याच फुटबॉल महासंघाविरुद्ध तक्रार केली, त्यातली ती एक. त्या नव्या लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ४८,५०० डॉलरवर गेला. इंग्लंडची लुसी ब्राँझ शिकत आणि खेळत असताना पिझ्झाच्या दुकानात काम करायची. २०२० मध्ये ती फिफाची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि महिलांमध्ये हा मान मिळालेली पहिली बचावपटू.

तू म्हणशील, ताई, ते अमेरिका-इंग्लंड झालं. मग घरचं बघ. भारताच्या महिला संघाकडून १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली पहिली खेळाडू कोण? आशालता देवी. मणिपूरची. सेंटर बॅक. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध तिने शंभरी गाठली. फॉरवर्ड येतात, चमकतात, फॉर्म जातो, बाहेर बसतात. चांगली स्टॉपर सापडली की प्रशिक्षक तिला सहसा हलवत नाहीत, कारण मागची जोडी जमायला वर्षं लागतात.

फॉरवर्डला परत जायचा हट्ट धरावा का, याचं उत्तर मी भावनेवर देणार नाही, बाजारावर देते. इंडियन विमेन्स लीग या देशातल्या महिलांच्या मुख्य लीगमध्ये २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोल युगांडाच्या फाझिला इक्वापुतने केले. क्लब परदेशी खेळाडूवर पैसा घालतात तेव्हा तो बहुतेक पुढच्या फळीवर घालतात, कारण गोल दिसतात. म्हणजे तू फॉरवर्ड म्हणून गेलीस तर तुझी स्पर्धा तिच्याशी. स्टॉपर म्हणून गेलीस तर भारतीय मुलींशी. कुठे जागा आहे, तूच मोज.

आता तुझे वडील. त्यांच्यावर मला राग आला नाही, हसू आलं. दर रविवारी दुसऱ्यांच्या पोरांसाठी घसा बसेस्तोवर ओरडणारा माणूस घरी आल्यावर फुटबॉलला वर्षं वाया घालवणं म्हणतो. पण त्यांच्या भीतीत तथ्य आहे. पेठेच्या संघातून गाजलेले आणि पुढे काहीच हाती न लागलेले कितीतरी खेळाडू त्यांनी पाहिले असणार. त्यांचं गणित फक्त एका ठिकाणी चुकतंय. ते खेळ आणि भरती हे दोन वेगळे रस्ते समजतात.

रेल्वेच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीला वयाची अट १८ ते २५ आहे. तू वीसची आहेस. शिवाय तिथे अलीकडच्या वर्षांतली कामगिरी धरतात, शाळेतली पदकं नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठीही ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतलं स्थान लागतं. आज खेळ सोडून तू दोन वर्षं अभ्यासिकेत बसलीस तर सर्वसाधारण रांगेत लाखभर मुलांच्या मागे उभी राहशील आणि हातातला कोटा सुटेल. खेळ सोडून खेळाच्या कोट्यातली नोकरी मिळत नाही, एवढं एकच वाक्य वडिलांना सांग. भारताकडून खेळलेल्या कितीतरी मुली रेल्वेच्या नोकरीत आहेत. नोकरी करतात आणि रेल्वेच्याच संघातून खेळतातही.

यासाठी तुला दोन कामं करायची आहेत आणि दोन्ही कंटाळवाणी आहेत. एक, खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जपायचं आणि त्याची पडताळणी वेळेत करून घ्यायची. ती विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. जाहिरात निघाल्यावर धावणाऱ्यांची काय तारांबळ होते ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझ्या भावाची एक संधी केवळ एका शिक्क्यावाचून गेली. दोन, राज्याच्या संघात यायचा प्रयत्न सोडायचा नाही. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी होते. क्लबने बोलावलं म्हणून तिकडे पाठ फिरवू नकोस. नोकरीच्या दारात क्लबच्या हंगामापेक्षा राज्याची जर्सी बहुतेक वेळा जास्त कामाला येते.

करार. इथे मला तुझी काळजी वाटली, कारण तू रक्कम लिहिलीस आणि बाकी काही नाही. क्लब इंडियन विमेन्स लीगच्या वरच्या श्रेणीतला की दुसऱ्या, हे तुझ्या पत्रात नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की २०२३-२४ पासून वरच्या श्रेणीतल्या प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय मुलींना व्यावसायिक करार द्यावा आणि त्यांना वर्षाला किमान ३.२ लाख रुपये मिळावेत. तुझे सहा महिन्यांचे ९० हजार होतात. म्हणजे एकतर क्लब खालच्या श्रेणीतला आहे, किंवा वरच्या श्रेणीत असून तू त्या दहा जणींत नाहीस. यात अपमान नाही. विसाव्या वर्षी अकराव्या-बाराव्या क्रमांकावर असणं वाईट नव्हे. पण विचार तर. "त्या दहांमध्ये माझा करार आहे का?" हा प्रश्न तू विचारलास की समोरच्यालाही कळतं, ही मुलगी वाचून आली आहे.

पुढे विचार, दुखापत झाली तर? ऑपरेशनचा खर्च कुणाचा, विमा आहे का, त्या काळात पगार चालू राहतो की बंद होतो? तोंडी "आम्ही बघतो" चालणार नाही. पगार कोणत्या तारखेला आणि बँकेत येतो का? हंगाम संपल्यावर दुसरीकडे जायला एनओसी (ना-हरकत पत्र) देणार का, की अडवून धरणार? राहायची जागा नेमकी कुठे, किती जणी एका खोलीत, सोबत महिला व्यवस्थापक आहे का? हे शेवटचं आईला आधी सांग. तिच्या मनात तोच प्रश्न असेल आणि ती लग्नाचं निमित्त करत असेल. कराराची सही-शिक्क्याची प्रत तुझ्याकडे हवी, आणि महासंघाच्या नोंदणीत तुझं नाव त्याच करारानिशी चढलंय याची खात्री हवी. फिफाचा नियम असा आहे की दोन महिन्यांचे पगार थकले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबून पाहिलं आणि तरी पैसे आले नाहीत, तर ती करार मोडून मोकळी होऊ शकते. नोटीस लेखीच लागते, व्हॉट्सॲपवर "सर पेमेंट?" लिहिणं म्हणजे नोटीस नाही. अडलीस तर फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंचीच संघटना आहे.

यातल्या दुखापतीच्या आणि पगाराच्या मुद्द्यावर क्लब कागदावर काही द्यायला तयार नसेल, तर जाऊ नकोस. बाकी गोष्टींत थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल. इतकं स्पष्ट मी एरवी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करू नकोस. २०२४-२५ च्या हंगामात वरच्या श्रेणीत आठ क्लब होते. कोलकात्याचे दोन, ओडिशाचे दोन, केरळ, तामिळनाडू, कर्नाटक आणि दिल्लीचा एकेक. महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत आणि सामन्याच्या दिवशी रस्ते ओस पडतात, तिथल्या मुलीला व्यावसायिक खेळायला घर सोडावंच लागतं. हे चीड आणणारं आहे, पण आज तरी असंच आहे. आणि प्रत्येक क्लबच्या वाट्याला लीगचे सामने आले १४. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये संपले. म्हणजे उरलेलं वर्ष तुझं तुला भरायचं आहे. इथेच तुझं बी.कॉम. येतं. नियमित कॉलेजला हजेरीची अडचण होणार असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून किंवा मुक्त विद्यापीठातून पूर्ण कर. पदवी अर्धी टाकून जाऊ नको. भरतीच्या अर्जात ती लागते, आणि खेळाच्या जोरावर बाहेर शिकायला जायचं ठरलं तर तिथेही. भारताकडून बॅक खेळलेली दिल्लीची डालिमा छिब्बर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली आणि तिथल्या संघातून खेळली. हा रस्ता आपल्याकडे फार कमी मुलींना माहीत असतो.

बाहेर कुठे पाठवायला व्हिडिओ करशील तेव्हा एक लक्षात ठेव. मुली स्लाइड टॅकलचे तुकडे जोडून, वर गाणं लावून पाठवतात. स्टॉपर बघणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. घसरून टॅकल करावी लागली म्हणजे बऱ्याचदा आधी जागा चुकलेली असते. भाचीच्या प्रशिक्षकांनी तिला सांगितलं होतं की एका चांगल्या सामन्याची सलग पंधरा मिनिटं पाठव, कापाकापी न करता. चेंडू लांब असताना तू काय करतेस ते त्यांना बघायचं असतं. आणि एक वही घाल. किती मिनिटं खेळलीस, किती गोल खाल्ले, किती हेडर जिंकलेस, बॉक्सजवळ किती फाउल दिलेस, डाव्या पायाने किती पास धड गेले. तुझी आकडेवारी पेपर छापणार नाही, तेव्हा ती तूच ठेवायची.

गुडघा. आईची ही भीती खोटी नाही. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि फाटला की मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष धरून चालायचं. पण ही देवाघरची गोष्ट आहे असं समजून गप्प बसायचं कारण नाही. 'फिफा ११+' नावाचा साधारण वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, उड्या, एका पायावर तोल, मांड्यांचे व्यायाम, थांबण्या-वळण्याचा सराव. फुकट आहे, सामान लागत नाही. नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात हे तपासून झालेलं आहे. तुमच्याकडे सरावाआधी दोन फेऱ्या मारून थेट चेंडू घेतात की नाही? घेत असणार. तू बदल सुरू कर, बाकीच्या बघून करतील.

लग्नाबद्दल मी थोडकंच लिहिते, कारण तू त्यावर थोडकंच लिहिलंस आणि ते मला आवडलं. गुडघ्यावरच्या व्रणाने जे स्थळ मोडेल ते मोडलेलंच बरं, हे तुझ्या आईलाही आतून पटत असेल. लग्नानंतर, मुलं झाल्यावर खेळणं संपतं हेही आता तितकंसं खरं नाही. २०२१ पासून फिफाच्या नियमात व्यावसायिक खेळाडूला किमान १४ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. तो नियम आपल्याकडच्या प्रत्येक क्लबपर्यंत पोचलाय असं मी म्हणत नाही. पण मागायला कागद आहे, आणि तोही आधीच्या मुलींना नव्हता.

तर माझं मत : कागद नीट असतील तर एक हंगाम जा. "फुटबॉलमध्ये करिअर करायला निघाले" असं घरी जाहीर करू नको; सहा महिन्यांच्या कराराला सहा महिन्यांचंच नाव दे. वडिलांशी आधीच ठरव की एप्रिलमध्ये परत आल्यावर वही घेऊन दोघं बसाल. किती सामने मिळाले, पैसे वेळेवर आले का, शरीराने साथ दिली का, पुढच्या वर्षी कुणी विचारलं का? चार सामन्यांतसुद्धा उतरवलं नसेल आणि कुणी विचारलं नसेल, तर पुढच्या वर्षी राज्याचा संघ आणि रेल्वेची भरती यावर जोर दे. तेही फुटबॉलच आहे. भारतीय संघात गेलीस तरच करिअर, नाहीतर फुकट, ही मोजपट्टी मात्र फेकून दे. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आपल्या मुली पहिल्यांदा पात्रता फेरीतून आशियाई चषकाला पोचल्या. त्या संघात पंचवीसच्या आसपास जणी असतात. लीगचे आठ क्लब मिळून दोनशेच्या आसपास मुली. त्या सगळ्यांनी वर्षं वाया घालवली का?

सरांना विचारायचा तो प्रश्न विसरू नकोस, स्टॉपरला मीच का? काय म्हणाले ते मला कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

आणि एक हट्ट माझा. तुझ्या क्लबच्या घरच्या मैदानावरचा एखादा सामना ठरव आणि आईला बोलाव. वडील येतीलच, त्यांना बोलवायला नको. आई सामना कधी बघत नाही असं तू लिहिलंस. तिला काय बघायचं कळत नसेल. तिला माझ्या भाचीची युक्ती सांग. दहा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त आपल्या पोरीकडे बघायचं. तिकिटं मात्र बुकिंग उघडताच काढून ठेव, लांबच्या गाड्यांना लगेच वेटिंग लागतं.

तुझी,
ताई